वॉश बेसिनखालची गळती : दोनदा दुरुस्ती करूनही थेंब थांबत नाहीत

पारिजातक (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्या पुण्यातील सदनिकेत न्हाणीघराच्या वॉश बेसिनखाली गेला दीड महिना पाणी गळत आहे. बेसिन सिरॅमिकचे आणि बारा वर्षांचे असून त्याखाली प्लायवूडचे लहानसे कपाट आहे. कपाटात ठेवलेल्या धुण्याच्या पावडरीच्या पुड्याचा तळ भिजून फाटला, तेव्हा हा प्रकार पहिल्यांदा लक्षात आला. तोवर कपाटाची तळफळी मागच्या बाजूने फुगलेली होती.

आम्ही प्लंबरला दोनदा बोलावले. पहिल्या खेपेस त्यांनी बॉटल ट्रॅपचे (बेसिनखालचा बाटलीसारखा भाग, ज्यात थोडे पाणी राहून गटाराचा वास अडतो) सगळे नट पान्याने आवळले आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली. दुसऱ्या खेपेस बेसिनमधल्या जाळीच्या कडेने वरून सिलिकॉन भरले. दोन्ही वेळा चार-पाच दिवस सगळे कोरडे राहिले आणि मग पुन्हा थेंब सुरू झाले. आता ट्रॅपच बदलावा लागेल, असे ते म्हणतात. थेंब पडतो तो ट्रॅपच्या तळाच्या वाटीवरूनच, त्यामुळे त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. मात्र एक गोष्ट मला कळत नाही. हात धुताना किंवा दात घासताना खाली काहीच पडत नाही, पण मुलाचे मोजे भिजवण्यासाठी बेसिन बूच लावून भरले आणि नंतर ते पाणी सोडले, की कपाटात पाणी साचते. ट्रॅप खराब असता, तर तो हात धुतानाही गळायला हवा होता ना? नवा ट्रॅप आणण्यापूर्वी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

नळपाणी

पारिजातक, तुमची शंका अगदी रास्त आहे आणि तिचे उत्तर मिळेपर्यंत नवा ट्रॅप घेऊ नका. माझे कोल्हापुरात सॅनिटरी सामानाचे दुकान होते आणि तीस वर्षांत मी एक गोष्ट वारंवार पाहिली. गिऱ्हाईक ट्रॅप नेतो, बसवतो आणि आठवड्याने परत येऊन नवाही गळतो असे सांगतो. थेंब जिथून पडतो, तिथेच पाणी बाहेर येत असते असे नाही. वरच्या सांध्यातून निघालेले पाणी पाइपच्या अंगावरून पातळ पापुद्र्यासारखे उतरते, डोळ्यांना ते दिसतही नाही, आणि सर्वांत खालच्या टोकाला, म्हणजे वाटीच्या बुडाला, त्याचा थेंब होतो. म्हणून ओल्या जागांपैकी सर्वांत वरची जागा कोणती, एवढेच आधी शोधायचे.

त्यासाठी बेसिनची खालची बाजू, कपलिंग (बेसिनच्या भोकातून खाली उतरणारे नळकांडे), ट्रॅप आणि भिंतीत जाणारा पाइप जुन्या सुती कापडाने पूर्ण कोरडे करा. मग टिश्यू पेपरच्या पट्ट्या चार ठिकाणी गुंडाळा. एक बेसिनच्या बुडाला जो मोठा चेक नट टेकलेला असतो त्याच्याभोवती, दुसरी कपलिंग आणि ट्रॅप जोडणाऱ्या नटाभोवती, तिसरी वाटीच्या आट्यांवर आणि चौथी आडव्या पाइपच्या भिंतीकडच्या टोकाला. नंतर चार टप्प्यांनी पाणी सोडा आणि प्रत्येक टप्प्यानंतर पट्ट्या पाहा. आधी बूच न लावता नळ मिनिटभर चालू ठेवा. मग बूच लावून बेसिन अर्धे भरा आणि दहा मिनिटे तसेच राहू द्या. त्यानंतर बूच काढा. शेवटी बूच लावून ओव्हरफ्लोच्या (बेसिन भरून वाहू नये म्हणून वरच्या बाजूला असलेल्या) भोकातून पाणी जाऊ लागेपर्यंत बेसिन भरा. मोजे भिजवलेले पाणी नको, स्वच्छ पाणीच घ्या, कारण साबणाचा फेस कागदावर फसवे डाग पाडतो.

दोनपाने

वरच्या सल्ल्यात एवढीच भर घालतो की, पाणी आणणाऱ्या बाजूकडेही एकदा पाहून घ्यावे. अँगल कॉकच्या (बेसिनखाली भिंतीवर असलेल्या, पाणी बंद करण्याच्या छोट्या नळाच्या) दांड्याजवळून झिरपलेले पाणी कनेक्शन पाइपवरून ओघळत त्याच कपाटात येते. त्याची ओळख सोपी आहे, कारण ती गळती बेसिन वापरले नाही तरी रात्रभर चालू राहते. निचऱ्याच्या बाजूची गळती मात्र पाणी वाहील तेव्हाच होते.

पारिजातक

आपल्या दोघांचे आभार. रात्री कपाटात कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवला होता आणि सकाळी तो कोरडाच होता. म्हणजे अँगल कॉक निर्दोष आहे.

चार टप्प्यांचे निकाल असे आहेत. नुसता नळ सोडला तेव्हा चारही पट्ट्या कोरड्या राहिल्या. बूच लावून दहा मिनिटे ठेवले तेव्हाही त्या कोरड्या होत्या आणि पाण्याची पातळी उतरली नाही. बूच काढल्यावर अर्ध्या मिनिटात चेक नटाभोवतीची पट्टी वरच्या कडेने भिजली आणि तो ओलावा खाली पसरत गेला, नंतर इतर पट्ट्याही ओल्या झाल्या. ओव्हरफ्लोच्या वेळी पुन्हा तीच पट्टी आधी भिजली. पाणी निघून जायला बराच वेळ लागतो आणि जाताना ते गुडगुडते, हेही या वेळी लक्ष देऊन पाहिले.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. प्लंबर दोन्ही वेळा आठवड्याच्या सुरुवातीला आले होते आणि मोजे आम्ही फक्त रविवारी भिजवतो. चार-पाच दिवस कोरडे राहिले ते दुरुस्तीमुळे नव्हे, त्या दिवसांत बेसिन भरलेच गेले नाही म्हणून. हे आधी ध्यानात यायला हवे होते.

नळपाणी

आपण फार नेमके निरीक्षण केले आहे. यावरून दोष कुठे आहे हे सांगता येते, आणि तो ट्रॅपमध्ये नाही. तो थोडा सविस्तर सांगतो, कारण हा भाग समजला नाही तर पुढची दुरुस्तीही चुकीच्या जागी होईल.

बेसिनच्या भोकातून जे पितळी नळकांडे खाली उतरते, त्याला आपण वेस्ट कपलिंग म्हणतो. त्याचे माप साधारणपणे ३२ मिमी, म्हणजे सव्वा इंच असते. ते दोन प्रकारचे मिळते. ज्या बेसिनला ओव्हरफ्लोचे भोक नसते, त्याला फुल थ्रेड कपलिंग लावतात, त्याच्या अंगावर पूर्ण लांबीभर आटे असतात आणि बाजूला छिद्र नसते. ज्याला ओव्हरफ्लो असतो, त्याला हाफ थ्रेड कपलिंग लागते. त्याच्या वरच्या, बिनआट्याच्या भागात आडव्या खाचा असतात. ओव्हरफ्लोचे पाणी बेसिनच्या पोकळ भिंतीतून उतरून भोकाभोवतीच्या जागेत येते आणि या खाचांमधून कपलिंगच्या आत शिरते. आपल्या बेसिनला ओव्हरफ्लो आहे, तेव्हा तिथे हाफ थ्रेडच असणार.

या खाचांमधून पाणी बाहेरून आत येते, तसेच ते आतून बाहेरही जाऊ शकते. हात धुताना पाण्याची धार बारीक असते आणि ती कपलिंगच्या आतल्या भिंतीला धरून सरळ खाली जाते. बेसिन भरून बूच काढले, की नळकांडे गच्च भरते. त्यातच ट्रॅपमध्ये केस आणि साबणाचा गाळ बसलेला असेल, तर पाणी तुंबून खाचांमधून मागे फिरते आणि कपलिंग व सिरॅमिक यांच्यामधली पोकळी भरते. त्या पोकळीच्या तळाशी पाणी अडवायला फक्त एक रबरी वॉशर असतो, जो चेक नट बेसिनच्या बुडाशी दाबून धरतो. आपला तो वॉशर बारा वर्षांत कडक झाला आहे आणि पाणी तिथूनच निघत आहे.

आता आधीच्या दोन्ही दुरुस्त्या का लागू पडल्या नाहीत ते पाहा. जाळीच्या कडेला वरून भरलेले सिलिकॉन बेसिनमधल्या पाण्याला जाळीखाली जाऊ देत नाही. आपल्या दुसऱ्या टप्प्यात पातळी उतरली नाही, म्हणजे ते काम नीट झाले आहे. पण आपले पाणी त्या वाटेने जातच नाही, ते खाचांमधून पोकळीत जाते. वरून कितीही सिलिकॉन भरले, तरी त्या वाटेला त्याचा स्पर्श होणार नाही.

ट्रॅपच्या नटांवर टेफ्लॉन गुंडाळण्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. ट्रॅपच्या सांध्यांत पाणी आटे अडवत नाहीत, आतला वॉशर अडवतो. नट फक्त वॉशरला दाब देतो. तिथे टेप जाड गुंडाळली, की नट पुरता बसत नाही, वॉशरला दाब मिळत नाही आणि कोरडा असलेला सांधाही गळू लागतो. याउलट चेक नटाच्या ठिकाणी टेपचा उपयोग आहे, कारण तिथे वॉशर आट्यांवरच बसतो आणि पाणी आट्यांच्या नागमोडी चरीतून गोल फिरत नटाखाली उतरू शकते.

माझा सल्ला असा की, कपलिंग पूर्ण काढून नवे बसवावे. नुसता वॉशर बदलता येतो, पण बारा वर्षांचे पितळ कडेने किती झिजले आहे, हे काढल्याशिवाय कळत नाही, आणि वरचे सिलिकॉन तर तोडावेच लागेल.

सातारकर_मामा

मी एवढे विचारतो की, चेक नटाच्या भोवती बाहेरूनच एपॉक्सी पुट्टी लावली तर नाही का चालणार? एवढी खोलाखोल करण्यापेक्षा तो उपाय सोपा वाटतो. शिवाय पाणी तुंबते आहे, तर निचरा मोकळा करण्याची पावडर आधी टाकावी, असेही वाटते.

नळपाणी

मामा, पुट्टी कोरड्या आणि स्वच्छ पृष्ठभागावरच धरते. बेसिनची खालची बाजू बहुधा झिलई नसलेली, खरखरीत आणि वर्षानुवर्षांच्या क्षारांनी माखलेली असते. तिथे ती काही दिवस टिकते आणि मग एका बाजूने सुटते. पुढे कपलिंग काढायची वेळ आली, की तीच पुट्टी छिन्नीने फोडावी लागते आणि त्या धक्क्याने सिरॅमिकला चीर जाते. अशी फुटलेली बेसिने मी पाहिली आहेत.

पावडरीबद्दल मात्र मी स्पष्टपणे नको म्हणेन. त्या पावडरीत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो आणि पाण्यात पडताच तो तापतो. तुंबा निघाला नाही, तर ते दाहक पाणी ट्रॅपमध्ये तसेच राहते आणि दुसऱ्या दिवशी वाटी उघडणाऱ्याच्या हातावर येते. पारिजातक तर ट्रॅप उघडणारच आहेत. केस हाताने काढणे हाच तिथे योग्य उपाय आहे. फरशी धुण्याचे आम्ल टाकण्याचा विचारही कुणी करू नये. त्याने पितळाचा मुलामा जातो, आणि ब्लीचिंग पावडर किंवा त्यासारखे काही आधीच तिथे असेल तर क्लोरीन वायू तयार होतो.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहते. इकडच्या बेसिनांत बुचाऐवजी नळामागची काडी वर-खाली करून उघडमीट होणारे झाकण असते. त्याची आडवी सळई कपलिंगच्या पाठीमागून एका गोल मण्यातून आत जाते आणि गळती बहुतेक वेळा त्या मण्याच्या नटाशी होते. लक्षण पारिजातक यांच्यासारखेच असते, म्हणजे पाणी सोडताना ओल येते. तेव्हा ज्यांच्या बेसिनला असे झाकण आहे, त्यांनी पाचवी कागदी पट्टी त्या नटाभोवती गुंडाळावी. तो नट हाताने पाव फेरा आवळून अनेकदा काम होते. फार आवळला तर झाकण हलेनासे होते.

पारिजातक

सर्वांची मते वाचली. प्लंबरला पुन्हा बोलावण्याऐवजी येत्या शनिवारी यजमान आणि मी मिळून हे काम करावे, असे ठरवले आहे. चेक नट मात्र जागचा हलत नाही, आणि पाना लावला की संपूर्ण कपलिंगच जाळीसकट फिरते. काय करावे?

नळपाणी

काम दोघांनी मिळूनच करा, कारण एकाने वरून धरावे लागते. जाळीच्या आडव्या पट्ट्यांमध्ये पक्कडीचे दोन दांडे उभे घाला आणि त्यांच्यामध्ये स्क्रूड्रायव्हर आडवा घालून कपलिंग फिरणार नाही असे धरा. दुसऱ्याने खालून नट सोडवावा. खालून वर पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने तो सुटतो. आदल्या रात्री आट्यांवर थोडे रॉकेल किंवा गंज सोडवणारे तेल सोडून ठेवा. तरीही सुटला नाही, तर जोर करू नका. हॅकसॉचे पाते कापडात धरून नटाला तिरका काप द्या आणि त्या कापात स्क्रूड्रायव्हर फिरवून नट फोडा. कपलिंग नवे येणार आहे, त्यामुळे जुन्या आट्यांची फिकीर नको. फिकीर सिरॅमिकची करा, पाते किंवा पाना त्यावर आपटू देऊ नका.

नवे कपलिंग आणताना जुने सोबत न्या. हाफ थ्रेड आहे ना, खाचा आहेत ना आणि लांबी तेवढीच आहे ना, हे काउंटरवरच ताडून पाहा. चुकून फुल थ्रेड आणले तर ओव्हरफ्लोचे पाणी कपलिंगमध्ये शिरायला वाटच राहत नाही, ते पोकळीत साचते आणि वॉशरवर कायमचा भार देते.

बसवताना आधी भोकाची वरची कड आणि बुडाची खालची बाजू पात्याने खरवडून, स्पिरिटने पुसून, अगदी कोरडी करा. खालच्या बाजूचा क्षारांचा थर हाताला लागेनासा होईपर्यंत काढा, कारण वॉशर त्याच जागी टेकणार आहे. जाळीच्या कडेखाली सिलिकॉनची करंगळीपेक्षा बारीक वळी द्या आणि कपलिंग सरळ खाली सोडा. सिलिकॉन खाचांत जाणार नाही याची काळजी घ्या. मग आट्यांवर, वॉशर जिथे येणार आहे त्या पट्ट्यात, टेफ्लॉनचे सहा-सात वेढे आट्यांच्या दिशेने द्या. आधी रबरी वॉशर, त्याखाली प्लास्टिकची चकती आणि शेवटी चेक नट, हाच क्रम ठेवा. चकती विसरलात तर नट फिरताना रबराला पिळतो आणि वॉशर एका बाजूला सरकतो. वॉशर निमुळता असेल तर निमुळती बाजू वर, भोकाकडे ठेवा. नट हाताने घट्ट करा आणि पान्याने फक्त अर्धा फेरा द्या. त्या वेळी वरचा माणूस कपलिंग हलू देणार नाही हे पाहा, कारण बसलेले सिलिकॉन फिरले की सांधा तुटतो. वर आलेले सिलिकॉन लगेच पुसा आणि पूर्ण २४ तास बेसिन वापरू नका.

गोदाकाठ

धागा वाचून आमच्या नाशिकच्या घरातील जुना प्रश्न आठवला. आमच्या बेसिनखाली काहीच ओले नव्हते, पण खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या भिंतीवर ओल उमटत होती. बॉटल ट्रॅपचा ३२ मिमीचा आडवा पाइप भिंतीतल्या ४० मिमीच्या पाइपमध्ये नुसताच सरकवलेला होता, मधे फट बुजवणारा रबरी बूश (कडे) नव्हता, आणि बाहेरची चकचकीत चकती सगळे झाकून टाकत होती. चौथी पट्टी भिंतीकडे बांधताना ती चकती मागे सरकवून आत बोट घालून पाहावे, असे मी सुचवेन.

पारिजातक

शनिवारी काम झाले आणि आज सविस्तर लिहीत आहे. नट रॉकेलाने सुटला नाही, तो कापावाच लागला. जुने कपलिंग हातात आले, तेव्हा आपण सांगितलेले सारे समोर दिसले. वॉशर काळ्या बांगडीसारखा कडक होता, नखाने दाबूनही दबत नव्हता, आणि त्याच्या एका कडेला पाण्याने पाडलेली बारीक पांढरी रेघ होती. ती रेघ जिथे संपत होती, तिथेच बेसिनच्या बुडाला क्षारांचा उंचवटा होता. तो खरवडायला वीस मिनिटे लागली. ट्रॅपच्या वाटीत केसांचा मुठीएवढा गोळा निघाला. नटांवरची जुनी टेप काढून टाकली, तर वाटी हातानेच पूर्वीपेक्षा दोन आटे अधिक वर चढली. ट्रॅप तोच ठेवला आहे.

गोदाकाठ यांनी सुचवल्याप्रमाणे चकती मागे सरकवून पाहिली. आमच्याकडे बूश आहे आणि आतली जागा कोरडी आहे.

रविवारी संध्याकाळी पट्ट्या बांधून चारही टप्पे पुन्हा केले. ओव्हरफ्लोपर्यंत भरून बूच काढले तेव्हा पाणी न गुडगुडता सरळ निघून गेले आणि चेक नटाभोवतीचा कागद कोरडा राहिला. मुद्दाम तीन वेळा भरून सोडले. रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेवले होते, त्यावरही डाग नाही. कपाटाची फुगलेली फळी तशीच ठेवावी की बदलावी, एवढा एकच प्रश्न उरला आहे.

दोनपाने

अभिनंदन. फळीचे थर सुटले नसतील, तर कपाटाची दारे आठवडाभर उघडी ठेवून ती पूर्ण सुकू द्या आणि मग कापलेल्या कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्या, कारण पाणी प्लायवूडच्या कडेतूनच आत शिरते. थर सुटले असतील, तर मात्र बदललेलीच बरी. दोन्ही वेळी फळीवर प्लास्टिकचा उथळ ट्रे ठेवावा, म्हणजे पुढे कधी थेंब पडला तर तो ट्रेमध्ये लगेच दिसेल.

पारिजातक

थर सुटलेले नाहीत. दारे उघडी ठेवली आहेत आणि ट्रेही आणला आहे. पुढच्या रविवारी मोजे भिजवल्यानंतर पट्टी पुन्हा पाहीन आणि इथे कळवीन.

पारिजातक

दुसरा रविवार झाला. पट्टी कोरडी आहे.